बाबांच्या मशीनचे सेल, इंदूरची हवा आणि ते चिमुकलं स्टिकर

जिरावण | ११ मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमचे बाबा (सासरे) ८२ वर्षांचे, कोषालयातून निवृत्त, मुक्काम लोकमान्यनगर. दोन्ही कानांना मशीन आहे. ३१२ नंबरचा सेल लागतो, तपकिरी स्टिकरवाला. हिवाळ्यात एक जोडी आठ-नऊ दिवस आरामात जायची. मार्चपासून मात्र काही ताळतंत्र राहिलं नाही, कधी आठ दिवस तर कधी चारच. परवा सत्यनारायणाच्या कथेत ऐन चौथ्या अध्यायात मशीन बंद पडलं. बाबा म्हणाले बरंच झालं, पण ते असो.

दुकानदार म्हणतो मशीन ठीक, सेल ठीक, उन्हाळ्यात असंच होतं. शेजारच्या काकू म्हणतात की रात्री सेल बाहेर काढायचा आणि निघालेलं स्टिकर परत त्याच्या भोकावर चिकटवायचं, हवा जात नाही आणि सेल वाचतो. कुणी करून पाहिलंय का? खरंच वाचतो, की नुसतं मनाचं समाधान?

सराफ्याचा_घुबड | ११ मे, रात्री ९:३०

सेलला भोक असतं?? आमचे आजोबा गेले तोवर घरात कुणाला पत्ता नव्हता.

बडोदेकर_बापू | ११ मे, रात्री ९:४१

फ्रिजमध्ये ठेवा. आम्ही बडोद्याला सगळेच सेल फ्रिजमध्ये ठेवतो. आईची पण मशीन आहे.

शिप्राकाठ | ११ मे, रात्री ९:५५

फ्रिजमध्ये अजिबात नको! थंड सेल बाहेर काढला की त्यावर दव धरतं आणि नेमकं त्या भोकापाशी. माझ्या सासूबाईंचे सेलचे दोन पत्ते (पाकिटं) असेच वाया गेले. घरातच सावलीत, कोरड्या जागी, स्टिकरसकट.

आणि घुबडराव, भोक असतंच. त्याशिवाय चालतच नाही तो.

निवृत्त_रसायन | १२ मे, सकाळी ७:२०

जिरावणताई, प्रश्न छान आहे आणि उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात नाही. चाळीस वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे लांबेल. चहा घेऊन बसा.

हा सेल म्हणजे झिंक-एअर. आत जस्ताची पूड, ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दाट द्रावणात कालवलेली. साध्या सेलमध्ये जस्ताचा जोडीदार डब्यातच भरून दिलेला असतो. इथे तो जोडीदार हवेतला ऑक्सिजन, बाहेरून येणारा. जोडीदाराची जागा वाचली, ती सगळी जस्ताला मिळाली. म्हणून एवढ्याशा ३१२ मध्ये १६० ते १८० मिलिअँपिअर-तास मावतात. स्टिकर काढलं की हवा आत शिरते, कार्बनच्या थरात ऑक्सिजनचं काम सुरू होतं आणि व्होल्टेज १.४ च्या आसपास चढतं. त्याला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणून स्टिकर काढून सेल तसाच टेबलावर ठेवायचा आणि मग मशीनमध्ये घालायचा. घाईने घातला तर मशीन कुरकुरतं आणि माणूस चांगला सेल "मेला" म्हणून फेकतो.

आता तुमच्या भोकाकडे. त्या भोकातून ऑक्सिजन आत येतो हे खरं, पण भोक काही द्वारपाल नव्हे, आणखीही मंडळी येतात-जातात. एक, पाण्याची वाफ. आतलं द्रावण साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोल राखून असतं. हवा त्याहून कोरडी असली की सेल सुकतो, दमट असली की पाणी ओढून सादळतो. इंदूरच्या मे महिन्यात दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली जाते, म्हणजे कुरडया वाळवायचं हवामान. तुमचा सेलही त्याच गच्चीवर आहे असं समजा. दोन, कर्बवायू. चुन्याची निवळी उघडी ठेवली की वर पांढरी साय धरते ना, तसंच इथे पोटॅशियम कार्बोनेट होतं आणि हळूहळू छिद्रं बुजतात.

मग भोक बारीक का करत नाहीत? करतात की. पण बारीक केलं तर ऑक्सिजन कमी येतो आणि सेलला जास्त करंट देता येत नाही. भोक मोठं तर दम जास्त, आयुष्य कमी. भोक बारीक तर उलट. सगळी मारामारी एवढीच.

कथावाचक_नाही | १२ मे, सकाळी ७:५८

सर, सत्यनारायणाचा पाचवा अध्याय पण एवढा लांब नसतो. (हलके घ्या. समजलं मात्र सगळं.)

निवृत्त_रसायन | १२ मे, सकाळी ८:१०

प्रसाद राहिलाय अजून. स्टिकर परत लावण्याबद्दल: तत्त्वतः भोकं बंद झाली की ऑक्सिजन थांबला आणि बाष्पही थांबलं. पण एकदा उपटलेल्या स्टिकरची कड पहिल्यासारखी बसत नाही, आणि साधी चिकटपट्टी लावाल तर तिचा गोंद भोकात उतरतो. शिवाय बाबांचा सेल रोज वापरात आहे, आठवड्यात संपणारच आहे. त्यातले रात्रीचे आठ तास वाचवून किती वाचणार? ज्यांचं मशीन फक्त लग्नकार्याला बाहेर निघतं त्यांनी लावावं. रोजच्या माणसाने फार आशा धरू नये.

जुनी_रीळ | १२ मे, दुपारी १:०५

सरांच्या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडून जिवंत पुरावा. माझ्याकडे वडिलांचा कॅनोनेट क्यूएल१७ कॅमेरा आहे, रीळवाला. त्याच्या लाइट मीटरला पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागायचा. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले. आता जगभरचे जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन काय करतात, तर कानाच्या मशीनचा ६७५ नंबर (निळ्या स्टिकरचा) आणतात, भोवती रबराची रिंग घालतात कारण तो आकाराने लहान, आणि घालतात कॅमेऱ्यात. व्होल्टेज जवळपास सारखं.

आता गंमत. ६७५ ला बरीच भोकं असतात. मी एक उघडं ठेवतो आणि बाकीच्यांवर पट्टी लावतो. मीटरला करंट लागतो नावापुरता, एका भोकाची हवा रग्गड होते. सेल महिनोन्महिने चालतो. सगळी भोकं उघडी ठेवली होती तेव्हा न वापरताच गेला होता.

पण ताई, हे बाबांच्या मशीनवर करू नका. आमचं मीटर उपवासाला बसलेलं, तुमचं मशीन पंगतीला.

महूचा_मिस्त्री | १२ मे, दुपारी २:२२

भिया, पंगतीवरून माझी फजिती सांगतो. शेतातल्या मोटारीजवळ ओलावा मोजायचं छोटं यंत्र केलं होतं. म्हटलं झिंक-एअर हलका, ताकदीचा, अपन हाच लावू. दोन ६७५ जोडले. पाऊस लागू नये म्हणून डबी चारी बाजूंनी सिलिकॉनने बंद केली, अगदी लोणच्याच्या बरणीसारखी. पहिला दिवस जबरदस्त. मग बंद. डबी उघडली, दहा मिनिटांत परत चालू! पुन्हा बंद केली, पुन्हा मेली. मला वाटलं भूतबाधा.

निवृत्त_रसायन | १२ मे, संध्याकाळी ६:४०

मिस्त्री, गुदमरून मारलात की हो त्यांना. हिशेब करा: एका ६७५ मध्ये ६०० मिलिअँपिअर-तासाच्या पुढे माल असतो. तेवढा काढायला सुमारे १३७ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे साधारण ६५० मिलिलिटर हवेतला सगळाच्या सगळा. तुमची डबी केवढी?

महूचा_मिस्त्री | १२ मे, संध्याकाळी ६:५५

साबणाच्या डबीएवढी.

निवृत्त_रसायन | १२ मे, संध्याकाळी ७:०२

मग झालं.

पण यावरून आठवलं. मोठ्या उपकरणांत हा प्रश्न कसा सोडवायला गेले ते ऐकण्यासारखं आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एईआर एनर्जी रिसोर्सेस नावाची कंपनी लॅपटॉपसाठी झिंक-एअर बॅटरी करत होती. लॅपटॉप चालू असताना भरपूर हवा हवी, बंद असताना अजिबात नको. पहिला विचार कुणाच्याही मनात येतो तो झडपेचा: चालू केलं की उघडेल, बंद केलं की मिटेल. पण झडप म्हटली की रबर आलं, धूळ आली, झिजणं आलं. त्यांनी झडपच काढून टाकली. सेल बंद डब्यात ठेवले, डब्याला हवा यायला-जायला लांब आणि अरुंद नळ्या दिल्या, कायम उघड्या, आणि आत एक छोटा पंखा.

राजवाड्याच्या मागच्या बोळी डोळ्यांपुढे आणा. अरुंद, लांबच लांब. एरवी दुपारी त्यातून एखादं माणूस रेंगाळत इकडून तिकडे जातं. रंगपंचमीला गेर (रंगाची मिरवणूक) निघाली की त्याच गल्लीतून हजारो लोक रेटले जातात. गल्ली तीच, मागून रेटा आला की झालं. पंखा म्हणजे गेर. पंखा बंद की वाफ आणि ऑक्सिजन आपापल्या गतीने, म्हणजे जवळजवळ नाहीच, त्या नळीतून सरकतात. नळी जितकी लांब आणि बारीक तितकी ही आपसूक ये-जा कमी. दाराशिवाय दार बंद. मला हे फार आवडलं होतं तेव्हा.

सराफ्याचा_घुबड | १२ मे, रात्री ११:४०

मग ते लॅपटॉप गेले कुठे?

निवृत्त_रसायन | १३ मे, सकाळी ७:०५

लिथियम-आयन आला (सोनीचा १९९१ ला) आणि पुन्हा पुन्हा चार्ज होऊ लागला. झिंक-एअर परत चार्ज करणं फार कटकटीचं. कानाच्या मशीनमध्ये मात्र १९७७ पासून पाय रोवून आहे. खरं तर कल्पना त्याहून कितीतरी जुनी, एकोणिसाव्या शतकातली. १९३० च्या दशकात मोठे सेल निघाले ते रेल्वेच्या सिग्नलसाठी. तिथे थोडा थोडा करंट महिनोन्महिने हवा असतो.

विजयनगर_७४ | १३ मे, सकाळी ९:३०

एवढी रामायणं कशाला? चार्जिंगवालं मशीन घ्या. रात्री डबीत ठेवा, सकाळी कानात घाला. विषय संपला. २०२६ मध्ये भोकं मोजत बसणं म्हणजे कमाल आहे.

शिप्राकाठ | १३ मे, सकाळी ९:५२

विषय संपला कसा? चार्जिंगवाल्याची किंमत बघितलीत का? आणि चार वर्षांनी त्याची आतली बॅटरी म्हातारी झाली की मशीन कंपनीकडे पाठवा. गावी गेलं, लाइट गेली, तर दिवसभर बहिरे. सेल काय, खिशात पत्ता टाकला की निघाले.

विजयनगर_७४ | १३ मे, सकाळी १०:०१

खिशात पत्ता टाकला की निघाले, आणि चाराव्या दिवशी परत आले.

शिप्राकाठ | १३ मे, सकाळी १०:०३

आधी "चौथ्या" लिहायला शिका, मग सल्ले द्या.

बडोदेकर_बापू | १३ मे, सकाळी १०:४०

मंडळी, शांत. फ्रिजवरून माझी धुलाई झाली ती मान्य. आईच्या मशीनसोबत सुकवायची डबी मिळाली आहे, निळ्या-गुलाबी होणाऱ्या गोळ्यांची. रात्री मशीन त्यात ठेवतो, सेलसकट. हे तरी बरोबर ना?

निवृत्त_रसायन | १३ मे, सकाळी ११:१५

बापू, मशीन डबीत, सेल बाहेर. ती डबी घामाचा ओलावा काढायला असते, आणि मशीनला ते चांगलंच. पण गोळ्यांना मशीनचं पाणी कोणतं आणि सेलचं कोणतं हे कळत नाही. रोज रात्री आठ तास सेल वाळवंटात. जिरावणताई, तुमच्याकडेही ही डबी आहे का?

जिरावण | १३ मे, रात्री ८:४५

सर, आहे! आणि आम्हीही सेलसकटच ठेवत होतो. आजपासून बंद. पण हे तर हिवाळ्यातही करत होतो आणि तेव्हा आठ-नऊ दिवस जात होते, मग मार्चपासूनच काय झालं?

बाबांना धागा वाचून दाखवला. गेरची उपमा त्यांना पसंत पडली, सत्यनारायणावरचा विनोद पडला नाही. मग उठून डायरी घेऊन आले. कोषालयातला माणूस, सेल बदलल्याची तारीखही लिहितो. एवढंच नाही, संपलेली प्रत्येक जोडी कागदात गुंडाळून वर तारीख टाकून डब्यात ठेवली आहे, "हिशेब लागेपर्यंत फेकायचं नाही". कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाकायला मी मागत होते, देत नव्हते. डायरीतले दिवस असे:

डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी: ९, ८, ८, ९, ८, ९, ९, ८
मार्चपासून: ८, ६, ४, ८, ५, ४, ८, ५, ३

डोकं चालवा कुणीतरी.

सराफ्याचा_घुबड | १३ मे, रात्री ९:०२

बाबांना दंडवत. असा माणूस आमच्या सोसायटीचा खजिनदार हवा होता.

विजयनगर_७४ | १३ मे, रात्री ९:२०

फोन मशीनला जोडलाय का त्यांनी मार्चपासून? ब्लूटूथवर टीव्ही किंवा फोन ऐकला की करंट दुप्पट-तिप्पट होतो.

(आणि हो, "चौथ्या". धन्यवाद, शिप्राकाठ.)

जिरावण | १३ मे, रात्री ९:३१

नाही हो, मशीन साधं आहे. बाबा टीव्हीचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकवतात.

हिशेबी_मांजर | १४ मे, पहाटे १२:४८

तीन-तीनचे गट करा.

८-६-४. ८-५-४. ८-५-३.

एका पत्त्यात सहा सेल, म्हणजे तीन जोड्या. प्रत्येक पत्त्याची पहिली जोडी ठणठणीत, दुसरी अर्धमेली, तिसरी मेलेली. हवामानाचा दोष असता तर सगळ्याच जोड्यांना सारखा लागला असता. हे काम पत्ता फोडल्यानंतर होतंय. घरात पत्ता कोण फोडतं?

कथावाचक_नाही | १४ मे, सकाळी ७:१५

अंगावर काटा आला. मांजर, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?

जिरावण | १४ मे, सकाळी १०:०५

सापडलं. हसावं की रडावं कळत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि बोटंही आताशा वळत नाहीत. त्यांना ते स्टिकर नखाने निघेना. आमचा चिनू, वय वर्षं नऊ, म्हणाला "आजोबा, मी काढून देतो". नवीन पत्ता आला की पठ्ठ्या सहाच्या सहा स्टिकरं एका बैठकीत काढतो आणि सेल आजोबांच्या गोळ्यांच्या डबीत ठेवतो. ती सोमवार ते रविवार कप्प्यांची असते ना, तिच्यात शेवटचा एक कप्पा रिकामा होता. म्हणजे तिसरी जोडी कानात जायच्या आधी दोन आठवडे उघडी पडलेली. मे महिन्यात. इंदुरात.

चिनूला काही बोलले नाही. स्टिकरं त्याने वहीत ओळीने चिकटवून ठेवली आहेत, चांगली दोन पानं भरली आहेत.

सिस्टर_एमपी०९ | १४ मे, सकाळी १०:२०

ताई, बाकी सगळं नंतर, आधी ते सेल गोळ्यांच्या डबीतून बाहेर काढा! आत्ता! म्हातारी माणसं गोळी समजून हे सेल गिळतात, नजर कमी असली की हमखास. आकार तोच, चमक तीच. कुणी गिळला तर घरगुती उपाय नाही, ओकारी काढायची नाही, सरळ दवाखाना. सेल आणि औषध एका कपाटातही ठेवू नये. लहान मूल घरात असेल तर वरच्या फळीवर.

जिरावण | १४ मे, सकाळी १०:२६

काढले. हात थरथरताहेत. हे डोक्यातच आलं नव्हतं. खूप आभार, सिस्टर.

शिप्राकाठ | १४ मे, सकाळी १०:५०

सेल सुटे पर्समध्ये नाण्यांबरोबरही टाकू नका, शॉर्ट होतात. पत्त्यातच राहू द्या आणि लागेल तेव्हा लागेल तेवढंच स्टिकर काढा. चिनूला आठवड्यातून एकदाच पाचारण करा.

निवृत्त_रसायन | १४ मे, दुपारी १२:३०

मांजर, नमस्कार स्वीकारा. मी हवामान, रसायन, बोळ, गेर सगळं सांगून बसलो आणि तुम्ही नुसत्या बेरीज-भागाकाराने पकडलंत.

एक विनंती मात्र आहे. बाबांनी तारखा घालून ठेवलेले संपलेले सेल फेकू नका. झिंक-एअर संपतो तेव्हा तो जड होतो. बाहेरचा ऑक्सिजन आत येऊन जस्ताला चिकटतो, जस्ताचं ऑक्साइड होतं. ३१२ पूर्ण वापरला तर साधारण ५० मिलिग्रॅम ऑक्सिजन आत बसतो. सुकून मेलेला सेल तेवढा भरणार नाही, कारण ऑक्सिजन कमी आला आणि पाणी उडून गेलं. कुणाकडे मिलिग्रॅमचा काटा आहे का?

सराफ्याचा_घुबड | १४ मे, दुपारी १२:४१

काटा!! मंडळी, नाव बघा माझं. मामांची पेढी आहे सराफ्यात. ५० मिलिग्रॅम म्हणजे पाव कॅरेट. हिऱ्याच्या काट्यावर आरामात दिसेल. जिरावणताई, बाबांचा खजिना घेऊन या, शनिवारी दुपारी, गर्दी कमी असते.

कथावाचक_नाही | १४ मे, दुपारी १:००

सराफ्यात लोक रात्री भुट्ट्याचा कीस खायला जातात, हे लोक दुपारी मेलेले सेल तोलायला चालले.

सराफ्याचा_घुबड | १६ मे, संध्याकाळी ७:३५

वजनाचा वृत्तांत. ताई आणि बाबा दोघंही आले होते. मामांनी आधी कपाळाला हात लावला, मग स्वतःच खुर्चीत बसले. नवा सेल तोलताना मी स्टिकरसकट ठेवत होतो, मामा ओरडले, "खड्यासकट सोनं तोलतो का रे?" स्टिकर काढून तोललं.

नव्याच्या तुलनेत जानेवारीतले सेल सरासरी ४० मिलिग्रॅमच्या वर जड. मार्च-एप्रिलच्या पत्त्यांतली पहिली जोडी जवळपास तशीच. तिसऱ्या जोड्या कशाबशा १० च्या आसपास, एक तर नव्याएवढाच. बाबांनी सगळं डायरीत उतरवून खाली सही केली आणि मामांचीही सही घेतली.

मामा म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा असा माल बघितला जो वापरून वजन वाढतं.

निवृत्त_रसायन | १६ मे, रात्री ८:१०

वाहवा. नव्याएवढाच भरलेला सेल "वापरलेलाच नाही" असं नव्हे, त्यात थोडा ऑक्सिजन आला आणि तेवढंच पाणी गेलं, जमा-खर्च शून्य. बाबांना हे नक्की पटेल.

महूचा_मिस्त्री | १७ मे, सकाळी ९:००

सर, मग माझ्या डबीला टेफ्लॉनची ती पडदी लावली तर? हवा जाते, पाणी जात नाही म्हणतात.

निवृत्त_रसायन | १७ मे, सकाळी ९:२५

पाण्याचा थेंब जात नाही, वाफ जाते. ती पडदी सेलच्या आतही असते, द्रावण बाहेर गळू नये म्हणून. तुमचा पावसाचा प्रश्न सुटेल, गुदमरणंही थांबेल, सुकणं मात्र तसंच. शेतातल्या यंत्राला दिवसातून चारदा करंट हवा, तेव्हा तुम्ही साधा लिथियमचा सेल लावा आणि झोपा.

बडोदेकर_बापू | १७ मे, सकाळी ११:०५

आईचे सेल आता डबीबाहेर. दोन दिवसांत निकाल लागणार नाही हे माहीत आहे, तरी रोज विचारतो, "आई, ऐकू येतंय का?" ती म्हणते, "तुझंच जास्त येतंय."

जिरावण | १२ जुलै, रात्री ९:५०

धागा वर काढतेय, क्षमस्व. दोन महिन्यांचा हिशेब द्यायचं बाबांना कबूल केलं होतं.

मेच्या उत्तरार्धापासून एका वेळी एकच जोडी उघडायची, पाच मिनिटं ताटलीत ठेवायची, रात्री सेल बाहेर आणि मशीन डबीत. दिवस आले: ८, ८, ९, ८, ९, ९. आता पावसाळा आहे, तेव्हा जुलैच्या आकड्यांवर मला फार विश्वास नाही, पण मे-जूनचे आठसुद्धा माझ्यासाठी पुष्कळ.

आणि मूळ प्रश्न, काकूंच्या स्टिकरचा. तो बाबांनी सोडला नाही. उजव्या कानाच्या सेलला रात्री स्टिकर, डाव्याच्या सेलला नाही. चार जोड्या असं केलं. दोनदा दोन्ही एकाच दिवशी संपले. एकदा उजवा एक दिवस जास्त गेला. आणि एकदा उजवा तिसऱ्याच दिवशी कुरकुरला, बघितलं तर भोकावर गोंदाचा मळ. बाबांनी डायरीत लिहिलं आहे: "लाभ अनिश्चित, तोटा संभाव्य. योजना रद्द." काकूंना अजून सांगितलेलं नाही, शेजार आहे.

विजयनगर_७४ | १२ जुलै, रात्री १०:०८

तरी म्हणतो, चार्जिंगवालं...

शिप्राकाठ | १२ जुलै, रात्री १०:०९

झोपा आता.

हिशेबी_मांजर | १२ जुलै, रात्री ११:३०

चिनूच्या वहीचं काय झालं?

जिरावण | १३ जुलै, सकाळी ८:१५

त्याने दर ठरवला आहे, एका स्टिकरला एक रुपया. बाबांनी तोही जमा-खर्चात धरला आहे आणि दोन रुपये उधार दाखवले आहेत. चिनू म्हणतो व्याज लागेल.